लग्न बघायला आलेला दगड

लिमा,
रविवार, ४ ऑगस्ट १९९६

प्रिय एदिल दादा,

रुरिपाम्पात सगळी ठणठणीत असतील, मेंढ्यांसकट, असं धरून चालते. तू या पत्राला उत्तर देणार नाहीस हे मला माहीत आहे. गेल्या वर्षीच्या जुलैपासून तू एकाही पत्राला दिलेलं नाहीस. तरी लिहिते आहे, कारण मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती आईला विचारून उपयोग नाही. आई उत्तराऐवजी बटाटे पाठवते.

पाठवलेही. फोर्तुनातो काकांच्या बसने शुक्रवारी गोणी आली. बटाटे, भाजलेले मक्याचे दाणे आणि तळाशी, दोन पिशव्यांत बांधलेलं, तोकोश. तीन महिने पाण्यात कुजवलेल्या बटाट्यांचा वास आपल्याला ठाऊक आहे. माझ्या घरमालकीण सोराइदाबाईंना नव्हता. त्या जिना चढून गच्चीवरच्या माझ्या खोलीपर्यंत आल्या.

"पोरी, तुझ्याकडे काय मेलंय?"

"काही नाही बाई. आईने खाऊ पाठवलाय."

"आई रागावलीय का तुझ्यावर?"

मी त्याची लापशी करून, साखर आणि दालचिनी घालून त्यांना वाटीभर दिली. त्यांनी नाक धरून खाल्ली. काल विचारत होत्या, थोडं उरलंय का म्हणून.

इथे जूनपासून ऊन पडलेलं नाही. पाऊसही पडत नाही, नुसता आभाळाला घाम येतो. कपडे तीन दिवस वाळत नाहीत. बाकी मी बरी आहे. चौथं वर्ष अवघड असेल असं सगळे म्हणाले होते; मला ते सगळ्यांत मजेचं वाटतंय. मागच्या आठवड्यात ताबोआदा मॅडमनी आम्हाला माती खायला लावली. खरंच सांगते. गाळाचा खडक कुठला आणि चिकणमातीचा कुठला हे डोळ्यांना कळत नाही, दातांना कळतं. कण दाताखाली करकरला तर गाळ, लोण्यासारखा पसरला तर चिकणमाती. सत्तरीला आलेली बाई, पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेली, आमच्यासमोर खडकाचा तुकडा चावत उभी होती. रेन्सो नावाचा लिमाचाच एक मुलगा आहे, तो थुंकला आणि म्हणाला, "मॅडम, याला मार्क आहेत का?"

"गिळलास तर एक जास्त देईन."

त्याने गिळला. दादा, तू असतास तर म्हणाला असतास, 'माती खायला चार वर्षं शिकावं लागतं का? आमच्या मारुखाला दीड वर्षाची असताना जमत होतं.' मला वर्गात हसू आलं आणि कारण कुणाला सांगता आलं नाही.

पण एक गोष्ट खरी आहे. हे शिकायला लागल्यापासून मला साधं चालता येत नाही. फुटपाथवरची फरशी दिसली तरी मी थांबते. इथल्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांत शंख आहेत. लोक त्यावर बसून आइस्क्रीम खातात आणि त्यांच्या बुडाखाली समुद्र आहे.

आता आईच्या पत्राकडे येते. म्हणजे मास्तरांनी आईसाठी लिहिलेल्या. त्यावरून कळलं की सिमेंट आलं, पत्रे चर्चमध्ये रचून ठेवलेत, आणि नव्या शाळेचा पाया पंचवीस तारखेच्या रविवारी घालायचा ठरलाय. सगळं गाव फाएनाला, श्रमदानाला, उतरणार, प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक कुदळ. आणि पायाभरणीची धर्ममाता म्हणून गावाने मला निवडलंय. चिचाची, आपल्या मक्याच्या दारूची, बाटली मीच फोडायची, पहिला दगड मीच ठेवायचा. आई लिहिते की ती माझ्यासाठी नवी हॅट घेणार आहे. वाचून मला काय वाटलं ते पुढे कधीतरी सांगेन.

त्याच पत्रात एक ओळ आहे. ती मास्तरांनी खुशालीच्या मध्येच टाकलीय, जणू गाय व्याली त्यातलीच गोष्ट. शाळेच्या जागेवरच्या मोठ्या दगडाच्या कडेला झेंड्याच्या खांबासाठी खड्डा खणताना खाली एक काळा ओंडका लागला. तो करवतीने कापून वर काढला आणि त्यावर चिचा उकळली. 'चांगला जळला,' असं लिहिलंय.

दादा, तो ओंडका किती खोल होता? दगडाच्या शेजारी होता की दगडाखाली शिरलेला? आडवा होता की उभा? साल होती का अंगावर? किन्युअलच्या झाडाची असते तशी, कागदासारखी सुटणारी? त्याच्यावर कसली माती होती, काळी शेताची, की राखाडी, खडेमिश्रित? चिचा पिताना हे कुणी बघितलं नसेल, पण तू बघितलं असशील. तू सगळं बघतोस.

आणखी एक. वरच्या तळ्याचं पाणी यंदा कुठपर्यंत आहे? तू मेंढ्या घेऊन जातोस तेव्हा ज्या सपाट खडकावर बसून जेवतोस, तो अजून कोरडा आहे का?

नुसतं कुतूहल म्हणून विचारते.

होविता वहिनीला नमस्कार, मारुखाला पापा.

तुझी बहीण,
देल्मिरा

ता. क. लिहायचं नसेल तर लिहू नकोस. फोर्तुनातो काकांना तोंडी सांग. ते अर्धं विसरतात, पण अर्धं तरी पोहोचेल.


लिमा,
बुधवार, १४ ऑगस्ट १९९६

एदिल दादा,

काल सकाळी बसस्टँडवर फोर्तुनातो काकांनी तुझं पुडकं माझ्या हातात ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला हातभर लांब, अर्धा जळका लाकडाचा तुकडा. काडेपेटीत माती. आणि गाठी मारलेली लोकरीची दोरी. चिठ्ठी नाही. मी पुडकं दोनदा उलटं केलं.

"काका, दादाने काही लिहून नाही दिलं?"

"नाही. पण पाठ करून घेतलंय माझ्याकडून, शाळेतल्या पोरासारखं," ते म्हणाले. "पहिली गाठ म्हणजे जमीन. दुसरी, जिथे लाकूड लागलं तिथे. तिसरीपासून चौथीपर्यंत, लाकूड दगडाखाली जेवढं आत गेलंय तेवढं. आडवं आहे, मुळं वरच्या अंगाला. तळ्यातला त्याचा जेवणाचा खडक बुडाला, हे सांगायला सांगितलंय. आणि पाचवी गाठ चुकून बसलीय, तिचा अर्थ लावत बसू नकोस म्हणाला. तू लावत बसशील, असंही म्हणाला."

मी तिथेच, बसच्या धुरात, हसत आणि रडत उभी राहिले. काकांना वाटलं घरी कुणी आजारी आहे.

खोलीवर येऊन दोरी जमिनीवर पसरली आणि टेप लावली. खोली एक मीटर साठ. दगडाखाली एक मीटर चाळीस. म्हणजे तू माझ्यासाठी त्या खड्ड्यात उतरलास, पोटावर झोपून दगडाखाली अर्धा आत शिरलास आणि चाचपत मोजलंस. वर्षभर माझ्याशी न बोलणारा माणूस. मग मी काडेपेटीतली माती तोंडात टाकली. ती करकरलीही आणि पसरलीही. मोठे खडे, वाळू, पिठासारखी माती, सगळं एकत्र, जसं कुणी न निवडता एकाच पोत्यात भरावं. नदी असं करत नाही. नदी निवडते: मोठं वर ठेवते, बारीक खाली नेते. सगळं एकाच वेळी, एकाच लोंढ्यात, डोंगरावरून घसरत आलं की मगच असं होतं.

लाकडावर साल होती. जळक्या बाजूला नाही, दुसऱ्या. नखाने सुटली. किन्युअलच. कडेच्या वर्तुळांची मी भिंगाखाली मोजदाद केली, एकशे तीसपर्यंत पोहोचले आणि मग जळलेला भाग लागला. एकशे तीस वर्षं ते झाड कुठेतरी वर, शांतपणे उभं होतं, दादा. ते नेमकं कधी पडलं हे मला अजून सांगता येत नाही. ते कळायला हवं असं मात्र मला इतकं वाटतंय की रात्रभर बघितलं तरी डोळे दुखले नाहीत.

बघ, अजून मी लाकडाबद्दलच लिहिते आहे.

आता लिहिते. तो दगड आपल्या जमिनीचा नाही. तो वरून आला. तू म्हणालास तसाच.

गेल्या वर्षी जुलैच्या सभेत तू उभा राहिलास आणि म्हणालास की पाम्पावर, दगडाजवळच्या त्या माळावर, शाळा नको, मी माझं वरचं बटाट्याचं शेत देतो. कारण विचारल्यावर तू जुन्या माणसांची गोष्ट सांगितलीस: हा दगड वर डोंगरात राहायचा, एका संध्याकाळी खाली गावात लग्न होतं, ते बघायला तो उतरला आणि राहिला, त्या लग्नातलं कुणी मग दिसलं नाही. आणि मी, तीन वर्षं शिकलेली, नव्या बुटांतली, हातात सहलीच्या मार्कांसाठी काढलेला गावचा नकाशा घेऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, दगडाला आमंत्रण कुणी दिलं होतं?"

सगळी सभा हसली. मास्तर हसले, आईसुद्धा हसली. मग मी सांगितलं की हा मूळ खडक आहे, याची मुळं डोंगराएवढी खोल आहेत, याच्या शेजारी शाळा बांधली तर भूकंपातही हलणार नाही. हात वर झाले. आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं तुला रस्त्यात विचारायला लागली, "काय वऱ्हाडी, आज कुठलं लग्न?" वहिनीने सांगितलंय मला. म्हणते, अजून विचारतात.

आमच्यात ही चूक सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या वर्षाला पहिल्या सहलीत मॅडम बजावून सांगतात: दगड घराएवढा मोठा असला म्हणून तो जागचा असतो असं नाही, आधी त्याच्या बुडाशी बघा. तिथे जाऊन, त्यावर चढून, त्याच्या भेगा मोजून आनंदाने नकाशावर रंग भरणारा एकतरी विद्यार्थी दरवर्षी निघतोच. त्याच्यावर वर्षभर विनोद होतात. माझी चूक नुसती तेवढीच असती तर फक्त विनोदच झाले असते, आणि ते मी सोसले असते.

पण एवढंच नाहीये.

मूळ खडकाच्या भेगा ओढ्यापलीकडच्या कड्यातल्या भेगांच्याच बाजूला झुकायला हव्यात. दोन्ही एकाच हाडाचे तुकडे म्हटल्यावर तसंच असायला हवं. मी दगडावर चार ठिकाणी होकायंत्र लावलं. एक माप जुळलं. तीन जुळली नाहीत. ती थेट उलट्या बाजूला झुकत होती. मी उन्हात उभी होते, सभा दुसऱ्या दिवशी होती, आणि तुझं शेत द्यायचं बोलणं आदल्या रात्रीच जेवताना झालं होतं. मी स्वतःला म्हटलं, होकायंत्राजवळ हातोडा ठेवला होता, लोखंडाने काटा ओढला असेल. हातोडा पिशवीत होता, दहा पावलांवर. मला आठवतं. मी ती तीन मापं खोडरबराने पुसली.

आमच्या वहीला खोडरबर लावायचं नसतं. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हा आमचा एकमेव धर्म आहे म्हण. मी तो मोडला, कारण मला तुझ्यासमोर बरोबर ठरायचं होतं. मी शिकायला निघाले तेव्हा तू म्हणाला होतास, 'दगड शिकायला लिमाला कशाला, इथे काय दगड कमी आहेत?' ते तीन वर्षं माझ्या घशात अडकलं होतं. त्यासाठी मी चाळीस मुलांची शाळा अशा जागी नेली.

कारण जे एकदा त्या वाटेने आलं ते पुन्हा येऊ शकतं. उद्या येईल असं मी म्हणत नाही. आपल्या आयुष्यात येईल असंही म्हणत नाही. पण वर बर्फाखालचं तळं भरतंय, तुझा जेवणाचा खडक बुडालाय. बर्फाचा एक कडा त्यात कोसळला तर ते पाणी पाम्पावर यायला किती वेळ घेईल याचा मी काल हिशोब मांडला. शाळेची पहिली घंटा ते दुसरी घंटा एवढाही नाही. आणि एक गोष्ट मला इतक्या वर्षांत कधी खटकली नाही: एवढी सपाट जागा, पाणी जवळ, वारा नाही, तरी आपल्या पणजोबांनी पाम्पावर एकही घर बांधलं नाही. सगळं गाव त्या अडचणीच्या धारेवर, कोंबड्यांसारखं दाटीवाटीने. मला वाटायचं, चराईसाठी मोकळी ठेवली असेल. त्यांना कारण माहीत होतं. त्यांनी ते लग्नाच्या गोष्टीत घालून ठेवलं, म्हणजे पोरं विसरणार नाहीत. आणि ती विसरायला मला विद्यापीठात जावं लागलं.

आज सकाळी लाकूड, दोरी, काडेपेटी आणि वही घेऊन मी ताबोआदा मॅडमकडे गेले. त्यांनी आधी मातीची चव घेतली. मग साल बघितली, बराच वेळ. त्यांचे डोळे चमकत होते. "हे कुणी पाठवलं?" म्हणाल्या.

"माझ्या भावाने."

"कुठे शिकतो?"

"चौथीपर्यंत शिकलाय. मेंढ्या आहेत त्याच्या."

"दोरीवर गाठी मारून खोली, लांबी आणि मुळांची दिशा. माझ्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना सांगितलं असतं तर त्यांनी फोटो काढून आणला असता, मोजमापाशिवाय."

मग मी वही उघडून पुसलेलं पान दाखवलं. खोडरबराने कागद जिथे खरवडला जातो तिथे उजेड आरपार दिसतो; लपत नाही. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चुकीसाठी मी तुला नापास करत नाही," त्या म्हणाल्या. "चूक मीही केलीय, तुझ्याहून मोठ्या दगडावर. पुसल्याबद्दल करते. नकाशा रद्द, सहल पुढच्या जुलैत पुन्हा."

"हो मॅडम."

"आणि पाया कधी घालतायत?"

"पंचवीसला."

"मग इथे का उभी आहेस?"

म्हणजे डिसेंबरात मी भूगर्भशास्त्राची इंजिनियर होत नाही. आईने सगळ्या बाजारात सांगून ठेवलंय, ते तिला मीच सांगेन. तू नको सांगूस.

पाठ करायला हे फार आहे, म्हणून लिहून देते. मी शुक्रवारच्या बसने निघते. रविवारी, अठराला, सभा बोलाव. यंदा गावचा अध्यक्ष तू आहेस, तुला ते करता येतं. तोवर सिमेंटची गोणी फोडू देऊ नकोस. हे पत्र मुद्दाम माझ्या आधी पाठवते आहे. नुसती मी आले तर आई हॅट घेऊन उभी असेल, लोक हात हातात घेतील, आणि मी काहीतरी मऊ बोलून वेळ मारून नेईन. मला माझी ओळख पटलीय. बस चुकली, दरड कोसळली, मला ताप आला, मी घाबरले, काहीही झालं तरी हे पत्र सभेत वाच. मास्तरांना देऊ नकोस, ते अडचणीच्या ओळी गाळतात. तूच वाच. अडखळलास तरी चालेल, पण खोडरबराची ओळ आली की मोठ्याने वाच. कुणी हसलं तर हसू दे, या खेपेला ते माझ्यावर हसतील. कुणी म्हणेल, सिमेंट आलंय, पत्रे आलेत, दगड तर शंभर वर्षांत हललेला नाही. त्यांना दोरी दे आणि खड्ड्यात उतरव.

राहिलं तुझं शेत. त्याबद्दल विचारायचा मला काही हक्क नाही. वहिनी वर्षाचे बटाटे तिथेच काढते, हेही मला माहीत आहे. आणि तिथली जमीन चांगली आहे की नाही हे मला माहीत नाही, दादा. हे वाक्य मी गेल्या वर्षी म्हणायला हवं होतं. आधी तीन खड्डे खणू. तू खण, माप मी लिहीन, आणि प्रत्येक थराची माती दोघांनी खाऊन बघू. खाली काही वेडंवाकडं निघालं तर तसं सांगू आणि तिसरी जागा शोधू. पण चांगली निघाली तर अजून देशील का?

उत्तर मला एकटीला देऊ नकोस, फोर्तुनातो काकांकडेही नको. जिथे मी बोलले होते तिथेच, सगळ्यांसमोर दे. 'नाही' असलं तरी.

तुझ्या उत्तरापर्यंत उभी असलेली,
देल्मिरा